दानाचा हिशेब मागणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे

(धम्म-अभ्यास पाठ)



रविवारच्या धम्मवर्गात एका तरुण उपासकाने प्रश्न विचारला : "एखादी परदेशी संस्था आपल्या वस्तीला मदत करते. पैसा तिचा, माणसे तिची. आपण केवळ घेणारे. मग घेणाऱ्याने हिशेब विचारावा काय? तो उद्धटपणा होणार नाही काय?" वर्गातल्या वडीलधाऱ्यांपैकी एक जण लगेच म्हणाले, "धर्माची गाय अन् दात का गं नाय!" सगळे हसले आणि प्रश्न तेथेच मिटला.

प्रश्न मिटला, पण सुटला नाही. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

त्या म्हणीचाच आधी विचार करू. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, म्हणजे घेणाऱ्याने तोंड उघडू नये, ही शिकवण आपल्या समाजाच्या अंगी शतकानुशतके मुरवली गेली. दारोदार फिरून मागितलेल्या शिळ्या भाकरीचा हिशेब मागता येत नव्हता. ती किती दिवसांची, कोणी उष्टी करून टाकलेली, हे विचारण्याची सोय नव्हती. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस आणि शिळेपाके मागून खाणे सोडा असे सांगितले, ते केवळ आरोग्यासाठी नव्हे. जे अन्न घेताना माणसाला मान खाली घालावी लागते ते अन्न नको, हा त्यामागचा विचार होता. तेव्हा दान घेताना प्रश्न विचारण्याची चोरी असेल, तर ते दान धम्माच्या अर्थाने दान आहे की नव्या वेष्टनातली तीच जुनी भाकर आहे, हे तपासले पाहिजे.

कृतज्ञता हा सद्गुण आहे यात शंका नाही. मंगलसुत्तात तिची गणना उत्तम मंगलात केलेली आहे. परंतु कृतज्ञता आणि मुकेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. याविषयी धम्म काय सांगतो ते पाहू.

१) राजा उदयन आणि पाचशे चीवरे

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर स्थविर आनंद कौशांबीला गेले होते. तेथे राजा उदयनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांचा उपदेश ऐकून त्यांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला हे कळताच तो चिडला. एका श्रमणाने एवढी वस्त्रे घेतलीच कशी? हा काय कापडाचा व्यापार करणार, की दुकान मांडणार? तो सरळ आनंदांकडे गेला आणि त्याने विचारले, एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करणार?

आनंदांनी सांगितले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. राजाने विचारले, मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे काय? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. ती अंथरुणे जुनी झाली म्हणजे? पायपुसणी करू. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी फाटली म्हणजे? त्यांचे तुकडे करून चिखलात मळू आणि त्याने जमीन सारवू.

राजाचे समाधान झाले. हे श्रमण काहीही वाया घालवत नाहीत, सर्व वस्तू रीतीने वापरतात, असे म्हणून त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या प्रसंगातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली : राजाने संशयाने विचारले, तरी आनंदांनी राग मानला नाही. 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय?' असे ते म्हणाले नाहीत. दुसरी : उत्तर मोघम नव्हते. 'सत्कार्यासाठी वापरू' एवढ्यावर त्यांनी राजाची बोळवण केली नाही. शेवटच्या चिंधीपर्यंत हिशेब दिला. तिसरी : त्या हिशेबाने दान आटले नाही, उलट दुप्पट झाले.

२) विनयाचे नियम

हा केवळ एका स्थविराचा चांगुलपणा नव्हता. संघाच्या मालमत्तेविषयी विनयात रीतसर नियम आहेत. चीवरे स्वीकारणारा, साठा सांभाळणारा आणि वाटप करणारा असे वेगवेगळे भिक्खू संघाने नेमावेत. जो पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने आडमार्गाला जात नाही तोच या कामास योग्य. आणि पाचवी अट मोठी व्यवहारी आहे : स्वीकारणाऱ्याला काय घेतले व काय घेतले नाही हे ठाऊक असावे; साठा सांभाळणाऱ्याला काय सुरक्षित आहे व काय नाही हे ठाऊक असावे; वाटणाऱ्याला काय वाटले व काय वाटले नाही हे ठाऊक असावे. नेमणूक भर संघात जाहीर करावी; मान्य असेल त्याने मौन राहावे, मान्य नसेल त्याने बोलावे.

दुसरा नियम भिक्खुणींच्या प्रातिमोक्षात आहे. एका कारणासाठी दिलेल्या दानातून दुसरीच वस्तू घेणे हा दोष मानला आहे. अशी वस्तू परत सोडून द्यावी लागते. म्हणजे ज्या कारणासाठी घेतले त्याच कारणासाठी खर्च करा. हे तत्त्व आज जगातील मोठमोठ्या संस्थांना ठेचा खाऊन शिकावे लागत आहे.

३) हैतीची घरे

हैती हा कॅरिबियन समुद्रातील एक गरीब देश. गुलामांनी बंड करून फ्रेंच सत्ता उलथून १८०४ साली स्वतंत्र केलेला. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे भयंकर भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली, लाखो माणसे उघड्यावर आली. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. एकट्या अमेरिकन रेड क्रॉसकडे सुमारे ४८ कोटी ८० लाख डॉलर जमले. यात लहान लहान माणसांनी भ्रमणध्वनीवरून पाठवलेले दहा-दहा डॉलरही होते.

पाच वर्षांनी, २०१५ साली, प्रोपब्लिका आणि एनपीआर या दोन अमेरिकन वृत्तसंस्थांनी शोध घेतला. १,३०,००० हून अधिक लोकांना घरे पुरवली असे रेड क्रॉस सांगत होती. प्रत्यक्षात तिने बांधलेली कायमची घरे सहा निघाली. बाकीच्या आकड्यात तात्पुरते निवारे, घरभाड्याची मदत, दुरुस्ती, इतकेच नव्हे तर बांधकामाचे प्रशिक्षण घेतलेली माणसेही मोजलेली होती. राजधानीतील कांपेश नावाच्या वस्तीत शेकडो घरे बांधण्याचा बेत होता; तेथे एकही घर उभे राहिले नव्हते.

संस्थेचेही म्हणणे ऐकले पाहिजे. हैतीत जमिनीची मालकी कोणाची याचा घोळ मोठा, त्यामुळे नवी घरे बांधता आली नाहीत, म्हणून निवाऱ्याची मदत अन्य मार्गांनी केली, असे तिचे उत्तर होते. त्यात तथ्य आहे. पण मग तसेच सांगायचे होते! 'घरे बांधायची होती, जमिनीच्या अडचणीमुळे बांधता आली नाहीत, म्हणून हा पैसा अमुक कामावर खर्च केला,' असे आनंदांप्रमाणे सांगितले असते तर कोणी दोष दिला नसता. अपयश हा गुन्हा नव्हे. अपयशाला यशाचे नाव देणे हा गुन्हा आहे. चौथ्या शीलात तो बसतो.

खर्चाचेही तसेच. दर डॉलरमागे ९१ सेंट मदतकार्याला जातात असे संस्था सांगत असे. अमेरिकन सिनेटचे सदस्य चार्ल्स ग्रासली यांच्या २०१६ च्या अहवालात मात्र हैतीच्या निधीपैकी सुमारे १२ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, संस्थेच्या अंतर्गत खर्चावर गेल्याचे दाखवले गेले. हे कसे घडते? मोठी संस्था पैसा गोळा करते आणि काम दुसऱ्या संस्थेला देते. पहिली आपला व्यवस्थापन-खर्च कापून घेते, दुसरी आपला कापते, आणि दुसरीवर देखरेख करण्यासाठी पहिली पुन्हा काही ठेवून घेते. प्रत्येक जण आपापल्या वहीत खरे लिहितो, परंतु साऱ्या वह्या एकत्र मांडून कोणी वाचत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. व्यवस्थापनावर खर्च होणे हेच पाप, असे समजू नये. हिशेबनीस, लेखापरीक्षण, गोदाम, वाहन यांना पैसा लागतोच. 'आमचा खर्च शून्य' म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा 'आमचा खर्च इतका, तो या कारणाने' असे म्हणणारी संस्था अधिक विश्वासू समजावी.

४) नको म्हणण्याचे धैर्य

याच्या उलट एक उदाहरण आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'सीमाविरहित डॉक्टर' या १९७१ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय संस्थेने जाहीर केले की, त्सुनामीसाठी आम्हाला जेवढे काम करता येण्यासारखे आहे तेवढा पैसा जमला आहे; यापुढे या कारणासाठी पैसे पाठवू नका. इतर संस्थांनी तिच्यावर टीका केली. दानाचा ओघ चालू असताना असे बोलायचे असते काय? परंतु ती संस्था तेथेच थांबली नाही. तिने दात्यांना विचारले, उरलेला पैसा दुसऱ्या संकटांसाठी वापरण्याची परवानगी द्याल काय? बहुसंख्य दात्यांनी ती दिली. एका कारणाचे दान दुसऱ्या कारणाकडे वळवायचे तर आधी दात्याला विचारावे, हा विनयाचाच आशय या डॉक्टरांनी पाळला, आणि तसे करूनही दाते तुटले नाहीत.

५) प्रवारणा आणि झाकलेला दोष

वर्षावास संपताना भिक्खू एकत्र येतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो की, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला त्याची शंका असेल, तर मला सांगा. याला प्रवारणा म्हणतात. आपली चूक दाखवण्याचे आमंत्रण आपणच द्यायचे. केवढी मोठी ही रीत!

ऑक्सफॅम ही १९४२ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे दुष्काळनिवारणासाठी स्थापन झालेली नामवंत संस्था. तिच्या हैतीतील काही अधिकाऱ्यांनी भूकंपग्रस्त देशातील स्त्रियांच्या गरिबीचा लैंगिक गैरफायदा घेतल्याचे २०११ साली संस्थेच्याच चौकशीत आढळले. चौघांना काढले, तिघांना राजीनामे देऊ दिले. त्यांत तेथील प्रमुखही होता. परंतु घडलेल्या गोष्टीचे खरे स्वरूप ना जनतेला सांगितले, ना ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाला पुरतेपणी कळवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'टाइम्स' या वृत्तपत्राने ते उघडकीस आणले. हजारो नियमित दात्यांनी पाठ फिरवली. हैती सरकारने त्याच वर्षी या ब्रिटिश संस्थेची काम करण्याची परवानगी काढून घेतली. जून २०१९ मध्ये धर्मादाय आयोगाने संस्थेवर कडक ठपका ठेवला.

संस्थेचे नाव खराब होईल म्हणून दोष झाकला, आणि झाकल्यामुळेच नाव अधिक खराब झाले. सर्वात मोठी हानी कोणाची झाली? ज्या स्त्रियांवर अन्याय झाला त्यांची, आणि ज्या गरिबांपर्यंत पुढची मदत पोचली नाही त्यांची.

६) हिशेब कोणाला द्यायचा?

आता आपण मूळ प्रश्नाजवळ आलो. हिशेब द्यायचा तो कोणाला? बहुतेक संस्था वरच्या दिशेने हिशेब देतात. गावातला कार्यकर्ता जिल्ह्याला, जिल्हा मुंबई-दिल्लीला, दिल्ली लंडन-जिनिव्हाला आणि तेथून दात्याला. ज्याच्या नावाने पैसा जमला तो मात्र या साखळीत कोठेच नसतो.

हे चूक आहे, हे या क्षेत्रातील लोकांनाही कळले आहे. १९९४ साली रेड क्रॉस चळवळीने आणि इतर संस्थांनी आपत्ती-निवारणासाठी दहा कलमांची आचारसंहिता तयार केली. तिचे नववे कलम असे की, ज्यांच्याकडून आम्ही साधने घेतो त्यांना आणि ज्यांना आम्ही साहाय्य करू पाहतो त्यांना, दोघांनाही आम्ही जबाबदार आहोत. म्हणजे हिशेब विचारणे हा घेणाऱ्याचा अधिकार आहे, हे देणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे कोणी सांगितले?

हा अधिकार नसला म्हणजे काय होते, ते तमिळनाडूत दिसले. त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर देशी-परदेशी संस्थांची गर्दी झाली. लाभार्थींच्या याद्या अनेक ठिकाणी मच्छीमारांच्या जात-पंचायतींच्या हातून झाल्या. ज्याची होडी बुडाली तो आपद्ग्रस्त. मग ज्याच्याजवळ होडी कधीच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात, मिठागरात राबत होता, त्याचे काय? ते बहुतांशी दलित होते. कित्येक ठिकाणी त्यांची नावे यादीत आली नाहीत, निवारा-केंद्रांत त्यांना जागा नाकारली गेली. आणि कुजलेली प्रेते उचलण्याची वेळ आली तेव्हा मात्र इतर शहरांतून दलित सफाई कामगारांना तेथे आणले गेले. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी हे सारे नोंदवून ठेवले आहे. परदेशी दात्याच्या मनात जातिभेद नसेलही. परंतु त्याने यादी कोणाकडून घेतली, हे तपासले नाही, तर त्याचा पैसा जातीच्या पाटातूनच वाहतो. विनयाने पहिली अट घातली आहे ती पक्षपात नसण्याची, ती उगाच नव्हे.

७) आपल्या दारातील गोष्ट

एक प्रसंग लिहिल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या वस्तीत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर परदेशी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेची गाडी आली. मागे फलक लावला, लोकांना रांगेत उभे केले. मी गावातला शिक्षक, म्हणून सह्या-अंगठे घेण्याचे काम माझ्याकडे आले. कागद इंग्रजीत होता. एका आजीने अंगठा पुढे करण्याआधी मला विचारले, "गुरुजी, काय लिवलंय ह्यात?" मी म्हणालो, "मिळालेल्या सामानाची यादी हाय आजी. उठवा अंगठा." त्यांनी उठवला.

सगळे झाल्यावर उरलेला एक कागद मी घरी आणून वाचला. त्यात दोन ब्लँकेटे आणि एक ताडपत्री लिहिली होती. वस्तीत प्रत्येकाला मिळाले होते एक ब्लँकेट. ताडपत्री कोणालाच मिळाली नव्हती.

उरलेले सामान मागाहून येणार होते की आणखी कोठे गेले, ते आम्हाला कधीच कळले नाही. संस्थेचा दोष किती हे त्यामुळे मी सांगू शकत नाही. माझा दोष मात्र मला पक्का ठाऊक आहे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्या आजींना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी विचारले. मला वाचता येत होते, तरी मी वाचले नाही. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, ते दुसऱ्याचा अंगठा उठवून घेण्यासाठी खचित नव्हे.

कायदे आहेत. परदेशातून येणाऱ्या देणगीवर १९७६ सालापासून कायद्याचे नियंत्रण आहे. त्याच्या जागी २०१० चा नवा कायदा आला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने परदेशी देणगी दुसरीला देण्यास बंदी केली. त्यामुळे खर्च कापत जाणारी साखळी तुटली. पण मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांचाही आधार गेला. शिवाय हाही हिशेब दिल्लीलाच जातो, वस्तीला नव्हे. वस्तीचा हिशेब वस्तीनेच मागितला पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(अ) सामानाची यादी मराठीत मागावी आणि वाटपाआधी सर्वांसमोर मोठ्याने वाचावी.

(आ) लाभार्थींची यादी विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर दोन दिवस आधी लावावी, म्हणजे सुटलेले नाव घालता येईल.

(इ) कोऱ्या अथवा न समजणाऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये.

(ई) वाटप-समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. तक्रार ऐकणारी व्यक्ती वाटप करणाऱ्यांपैकी नसावी.

(उ) काय मिळाले, काय मिळाले नाही, हे वस्तीच्या वहीत लिहून त्याची एक प्रत संस्थेला द्यावी. चांगले काम झाले असेल तर तेही लिहावे.

आणि शेवटी, दुसऱ्याला हिशेब विचारणाऱ्याने आपली वही आधी उघडावी. जयंतीची वर्गणी, विहाराचा बांधकाम निधी, धम्म परिषदेचा खर्च यांची कीर्द-खतावणी आपण ठेवतो काय? पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती जपतो काय? आपले विहार नोंदणीकृत विश्वस्त संस्था असतील तर वार्षिक लेखापरीक्षण करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेब देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. मजुरी करणाऱ्या मायमाउलीने पदराच्या गाठीतून काढून दिलेला तो विसावा हिस्सा कोणत्याही परदेशी देणगीपेक्षा जड आहे. त्याचा हिशेब फळ्यावर लिहून लावण्यात संकोच कसला?

त्या रविवारच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच सांगतो : राजा उदयनाने विचारले ते देणाऱ्याच्या बाजूने. आजींनी विचारले ते घेणाऱ्याच्या बाजूने. दोघांचाही प्रश्न एकच होता आणि दोघांनाही सारखेच खरे उत्तर मिळाले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आनंदांनी राजा उदयनाला दिलेल्या उत्तरातील कोणते गुण आपल्या विहाराच्या हिशेबात आणता येतील?

२. वाटप करणाऱ्याने टाळावयाचे चार आडमार्ग कोणते? आपल्या अनुभवातील एकेक उदाहरण द्या.

३. 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेने जास्तीचे दान का नाकारले? आपण असे केले असते काय?

४. आपल्या वस्तीत आजवर आलेल्या मदतीची यादी करा. तिचा हिशेब कोणाला मिळाला?

५. प्रवारणेची रीत आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत कशी सुरू करता येईल?

जय भीम!